पर्यावरणातून पैसा मिळतो का? आधी रविवारी कंप्रेसर लावून बघ

इथं टाकलेला तुझा प्रश्न वाचला. म्हणजे वडिलांची बेळगावच्या उद्यमबागेत छोटी फाउंड्री (लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) आणि मशीन शॉप आहे, तू पुण्यातली नोकरी सोडून परत आलायस, तुला धंदा 'ग्रीन' करायचाय आणि वडील म्हणतात असली थेरं मोठ्या कंपन्यांना परवडतात. आणि तू विचारायलास की यात खरंच पैसा आहे की नुसतं नाटक आहे.

वडिलांशी भांडू नको, ते निम्मे बरोबर आहेत. गेटवर झाडं लावून आणि लेटरहेडवर हिरवं पान छापून एक रुपया मिळत नाही. पण उरलेल्या निम्म्यात पैसा आहे, आणि तो त्यांच्याच शेडमध्ये पडलाय. मी 1996 पासून या धंद्यात आहे, आधी दुसऱ्याच्या फाउंड्रीत सुपरवायझर आणि नंतर स्वतःचं, त्यामुळं जे सांगतोय ते हात भाजून शिकलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

दिवाळीच्या आधीचा एक रविवार होता, कारखाना बंद. मी एक जुनं चलान शोधायला शेडमध्ये गेलो तर आदल्या रात्री पोरं कंप्रेसर (मशीनना दाबाची हवा पुरवतो तो) बंद करायलाच विसरलेली. एक मशीन चालू नाही, एक माणूस नाही, आणि तरी कंप्रेसर थोड्या थोड्या वेळानं धडधडायला लागायचा, टाकी भरायचा, थांबायचा, परत सुरू. मग हवा वापरतंय कोण? रोजच्या आवाजात जे कधी ऐकू येत नाही ते त्या दिवशी ऐकू आलं, शेडभर नुसतं सूं सूं. ग्राइंडरच्या पाइपाला कुणीतरी सुतळी गुंडाळलेली, फेटलिंगच्या (ओतलेला माल घासून साफ करायच्या) कोपऱ्यातला व्हॉल्व अर्धवट उघडा, मोल्डिंगकडच्या (साचे करायच्या जागेच्या) एका पाइपजोडातनं, कपलरमधनं तर हाताला वारा लागायचा. तिथंच स्टूल घेऊन बसलो आणि घड्याळ लावलं. दीड मिनिट लोडवर, म्हणजे हवा भरत चालतो, साडेचार मिनिटं आराम करतो. म्हणजे सहा मिनिटांतलं दीड, 25 टक्के हवा भोकातनंच जाते.

आता हिशोब बघ. 20 एचपीचा कंप्रेसर म्हणजे 15 किलोवॅट, त्याचा चौथा हिस्सा पावणेचार किलोवॅट. दोन शिफ्टचे 16 तास, वर्षाचे 300 दिवस, झाले 18,000 युनिट. युनिटला 8 रुपये धर, 1,44,000 रुपये. हे मी दरवर्षी सूं सूं ऐकायला देत होतो. पुढच्या आठवड्यात साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन एका पोराला प्रत्येक जॉइंटवर फिरवलं, जिथं फुगे येतील तिथं खडूनं खूण. पाइप, क्लिपा, कपलर, चार बॉल व्हॉल्व, सगळं मिळून 11 हजाराच्या आत भागलं. ढोबळ आकडा लक्षात ठेव, 7 बार प्रेशरला 3 मिमीचं एक भोक म्हणजे साधारण 3 किलोवॅट. आणि प्रेशर उगीच 8 वर ठेवलेलं असतं, काम 7 वर होत असेल तर एक बार कमी केला की कंप्रेसरची वीज 6-7 टक्के कमी होते, याला तर पैसाच लागत नाही, स्क्रू फिरवायचा फक्त. (गळती परत होते हां, दर तीन महिन्यांनी बघावंच लागतं. माझ्याकडं मध्ये दोन वर्षं कुणी बघितलं नाही आणि परत 20 टक्क्यांवर आलेलं.)

तुझ्या प्रश्नाखाली एकानं लिहिलंय की सरळ सोलर लाव. लाव की, पण नंतर. आधी भोकं बुजव, नाहीतर भोकांसाठी पॅनल विकत घेतल्यासारखं होतंय.

भट्टीकडं ये. इंडक्शन फर्नेसला, म्हणजे विजेवरच्या भट्टीला, टनाला किती युनिट लागतात हे वडिलांना विचार, आकडा नसेलच, बहुतेक जणांकडं नसतो. भट्टीला वेगळा मीटर बसव आणि रोज हीटप्रमाणं (भट्टी एकदा भरून वितळवली की एक हीट) वहीत लिही. आपल्याकडच्या छोट्या फाउंड्रीत 550 ते 650 पर्यंत चालतं, त्याच्यावर गेलास तर कुठंतरी सांडतंय. दोन ठिकाणी सांडतं. एक, झाकण. सगळ्या भट्ट्यांना झाकण असतं आणि ते सगळीकडं कोपऱ्यात पडलेलं असतं, कारण चार्जिंगला आडवं येतं म्हणून पोरं काढून ठेवतात. 1500 डिग्रीच्या उघड्या तोंडातनं किती उष्णता जाते ते जवळ उभं राहिलास की अंगालाच कळतं. दुसरं म्हणजे वाळू. रनर-रायझर (ओतताना मालाला चिकटून राहणारे जादा तुकडे) तोडून तसेच वाळूसकट परत भट्टीत टाकतात. ती वाळू तापवायला किलोमागं लोखंडाइतकीच, थोडी जास्तच वीज लागते आणि वितळून होतं काय तर स्लॅग म्हणजे वरचा मळ, जो परत माणूस लावून काढायचा आणि फेकायचा. शॉट ब्लास्ट (बारीक छर्रे मारून साफ करायचं मशीन) नाहीतर साधा फिरता टंबलिंग ड्रम असेल तर त्यातनं हे परत टाकायचे तुकडे, म्हणजे रिटर्न, फिरवून मग टाक. आमच्याकडं झाकण आणि स्वच्छ रिटर्न या दोनच गोष्टींनी टनामागं 40 युनिटच्या आसपास फरक पडला, तुझ्याकडं कमी जास्त पडेल. दिवसाला 4 टन धर, 160 युनिट, महिन्याचा गुणाकार तूच कर.

पर्यावरण बिर्यावरण हा शब्द मी वडिलांपुढं काढणारच नाही तुझ्या जागी. नुसतं म्हणायचं, बाबा, आपण जे फेकतोय ते आधी आपणच पैसे देऊन आणलेलं आहे. साच्याला वाळू आणली, बेंटोनाइट माती आणली, कोलडस्ट म्हणजे कोळशाची पूड आणली, वापरली, आणि मग ट्रॅक्टरवाल्याला भाडं देऊन कुठंतरी टाकून आलो. आमचं सगळं जुनं ग्रीन सँड (हीच मातीनं बांधलेली साच्याची वाळू) पूर्वी असंच जायचं, एकदा एका शेतकऱ्यानं बांधावर ढीग बघून जी शिवीगाळ केली ती मी विसरलेलो नाही, आणि त्याचं चुकलं नव्हतं. आता चाळून निम्म्याच्या वर परत वापरतो आणि उरलेली पेव्हर ब्लॉकवाला नेतो. त्याच्याकडनं पैसे फारसे मिळत नाहीत, पण ट्रॅक्टरचं भाडं आणि ती शिवीगाळ वाचते. रेझिननं, म्हणजे रसायनानं बांधलेली वाळू मात्र यात मिसळू नको, ती वेगळी ठेव आणि टेस्ट केल्याशिवाय कुणाला देऊ नको.

मशीन शॉपचा बुरादा (धातूचा कीस) तसाच. कास्ट आयर्न, स्टील, अ‍ॅल्युमिनियम एकाच ड्रममध्ये आणि वर कूलंट गळतंय, मग भंगारवाला भाव पाडणारच की, तो मिसळीचाच भाव देणार आणि ओलं म्हणून वजनही कापणार. तीन रंगाचे तीन ड्रम आणि खाली जाळी एवढंच केलं. निथळलेलं कूलंट गाळून परत मशीनला. जुनं हायड्रॉलिक ऑइल तर चुकूनही गटारात सोडू नका आणि ओळखीच्याला बॉयलरसाठी देऊ नका, ते घातक कचऱ्यात येतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं आणि पावती जपून ठेवायची. बळ्ळारी नाल्याचं पाणी वडगाव-शहापूरकडच्या शिवारात घुसतं तेव्हा काय होतं ते तू लहानपणापासनं बघतोयस, मी काय सांगू.

आता सोलर. शेडवर 2,000 चौरस फूट मोकळं असेल तर साधारण 20 किलोवॅट बसतं. आपल्या भागात एका किलोवॅटला वर्षाला 1,400 च्या आसपास युनिट धरायचे, म्हणजे 28,000 युनिट, त्याच 8 रुपयांनी सव्वादोन लाख. 10 लाखाचं कोटेशन आलं तर साडेचार वर्षात वसूल, शिवाय इन्कम टॅक्सला 40 टक्के घसारा मिळतो तो सीएला विचार. विक्रेता जी गोष्ट सांगत नाही ती अशी की जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात आकडा पार पडतो, फाउंड्रीची धूळ पॅनलवर बसते म्हणून धुवायला माणूस लागतो, आणि तुमचं छप्पर जुन्या सिमेंट पत्र्याचं असेल तर आधी त्याचाच खर्च बघ. आणि भट्टी सोलरवर चालेल असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठव. घरासाठीची पीएम सूर्यघरची सबसिडी कारखान्याला लागू नाही, हेही दरवेळी कुणीतरी गोंधळतंय.

हे सगळं खर्च वाचवायचं झालं. आता गिऱ्हाइकाचं, कारण हेच तुझ्या पिढीला जास्त भोवणार आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं पहिल्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना 2022-23 पासनं बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि जबाबदारीचा रिपोर्ट सक्तीचा केला. त्या कंपन्यांना आपली वीज, पाणी, कचरा लिहून द्यावा लागतो आणि हळूहळू व्हेंडरचंही, म्हणजे आपल्यासारख्या माल पुरवणाऱ्यांचंही, विचारायला लागल्यात. मला पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाचा असला फॉर्म आला तेव्हा मी आठ दिवस तसाच ठेवला, कारण टनामागं युनिट किती हा साधा रकाना भरता येत नव्हता. नंतर भट्टीची तीच वही कामाला आली. त्या वर्षी त्या पार्टीनं दोन व्हेंडर कमी केले, मी राहिलो. माझ्या मालाचा दर काही सगळ्यात कमी नव्हता.

एक्सपोर्टवाल्यांना आणखी एक, युरोपचा कार्बनचा कर, सीबीएएम. 1 ऑक्टोबर 2023 पासनं नुसती माहिती द्यायची होती, 1 जानेवारी 2026 पासनं पैशाचा भाग सुरू झाला. लोखंड-पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम त्यात आहे, पण प्रत्येक कास्टिंग आणि प्रत्येक हायड्रॉलिक पार्ट त्यात येतोच असं नाही, आपला एचएस कोड (कस्टममध्ये मालाला लागणारा नंबर) बघायचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं ऐकून घाबरायचं नाही.

छोट्या उद्योगांसाठीचं सरकारी झेड सर्टिफिकेट मात्र काढून ठेव, झीरो डिफेक्ट झीरो इफेक्ट. 2022 च्या योजनेत सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये 80 टक्के, लघुला 60 टक्के सूट ठेवलेली, आज किती आहे ते बघून घे, ब्रॉन्झपासनं सुरुवात कर. कागद बरेच मागतात पण त्यातले निम्मे तू वरचं केलंस की आपोआप तयार होतात. मशीन बदलायला कर्ज लागलं तर सिडबीकडं (छोट्या उद्योगांना कर्ज देणारी सरकारी बँक) ऊर्जाबचतीच्या योजना आहेत, तिथं विचार.

शेवटी तू लिहिलंयस की फाउंड्री सोडून एखादा नवीन इको-फ्रेंडली धंदा काढू का. इथं माझी फजिती ऐक. 2019 मध्ये मी आणि मेहुण्यानं मिळून 'बायो' पिशव्यांची एजन्सी घेतली. कर्नाटकात प्लास्टिक पिशवीबंदी 2016 पासनंच होती, म्हटलं खडेबाजारातलं प्रत्येक दुकान आपलं गिऱ्हाईक. डिस्ट्रिब्यूटरनं हिरवं पान छापलेला गठ्ठाच्या गठ्ठा दिला, आम्ही गोडाऊन भाड्यानं घेऊन पाच-सहा लाखाचा माल भरला. उन्हाळा गेला आणि एक दिवस गठ्ठा सोडला तर पिशवी हातातच चुरली, बोटांना नुसता भुगा. मी म्हटलं बघ, खरंच विघटन होतंय! मेहुणा हसला नाही. मग कळलं की ते साधंच प्लास्टिक, त्यात असं काहीतरी घातलेलं की तुकडे होतात आणि तुकडे तसेच राहतात. खरी कंपोस्टेबल पिशवी असेल तर आयएस 17088 हे भारतीय मानक आणि केंद्रीय प्रदूषण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं, ते आम्ही मागितलंच नव्हतं. माल परत घेतला नाही कुणी. म्हणून सांगतो, हिरवा माल विकायचा तर आधी कागद माग, मग सॅम्पल उन्हात ठेव, मग पैसे.

तरीही करायचंच असेल तर आपल्या भागात ज्याची रोजची सवय आहे तिकडं बघ. चिकोडी-अथणीकडं ऊस आहे. तिथल्या कारखान्यांत पूर्वी मळी आणि चिपाड म्हणजे कटकट होती, आज मळीचं इथेनॉल होतं आणि बगॅसवर, म्हणजे त्याच चिपाडावर, वीज करून विकतात. आणि आपल्या आज्ज्यानं गुऱ्हाळात चिपाड वाळवून त्याच्यावरच काहील चालवली, त्याला कुणी सर्टिफिकेट दिलं नाही. तू त्या लोकांना मशीनवाला म्हणून उपयोगी पडू शकतोस, प्रेसमडचे (रस गाळून राहिलेल्या गाळाचे) कन्व्हेयर, पंपाचे पार्ट, व्हॉल्व बॉडी. सुपारीच्या पानाच्या पत्रावळ्यांच्या मशीनला डाय (साचे) लागतात, त्या झिजतात, दरवेळी लांबनं मागवतात. खानापूरकडं मातीकाम आहे, गणपतीत पीओपीवर बंधनं आल्यापासनं शाडूची मागणी आहे, माती मळायची चांगली मशीन पाहिजे म्हणणारे मूर्तिकार मला माहीत आहेत. पत्रावळी, मूर्ती तू विकू नकोस, त्यात तू नवखा. त्यांचं मशीन कर, त्यात तुमच्या घरी दोन पिढ्या गेल्यात.

बरं, आता येत्या रविवारी एवढंच कर. दुपारी वडिलांना घेऊन शेडवर जा, सगळं बंद, फक्त कंप्रेसर चालू, आणि मोबाइलवर वेळ लाव. पाच फेऱ्यांचे लोड-अनलोडचे आकडे इथं टाक. हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलाचाही फोटो टाक, नाव आणि नंबर झाकून. कन्नडात असतं म्हणून बरेच जण फक्त खालची रक्कम बघतात, पण कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर करून घेतलेला भार) गरजेपेक्षा जास्त घेतलेली असेल किंवा पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामाला लागणारा हिस्सा) पडलेला असेल तर तिथंही पैसे जात असतात, कुठल्या ओळीत काय बघायचं ते खूण करून देतो. आणि निघताना कंप्रेसर बंद करायला विसरू नको.