मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी गावची जमीन विकावी का?

मस्कतहून एका वाचकांचे पत्र आले आहे. ते मूळचे बेळगावच्या पश्चिमेकडील एका गावचे. दहावीपर्यंत गावात आणि पुढे बेळगावात शिकलेले. आता ते ओमानमध्ये नोकरी करतात. मुलगा नववीत आहे, मुलगी सातवीत. ते लिहितात, "मुलाला इंजिनिअर व्हायचे आहे. गावाकडे वडिलार्जित जमिनीत माझ्या वाट्याचा सव्वा एकर तुकडा आहे आणि सध्या दर चांगला मिळतो आहे. तो विकून शिक्षणाची सोय आताच करून ठेवावी का? मुलाला अकरावीला बेळगावला भावाकडे ठेवले तर खर्च वाचेल का? मुलीचे पुढे पाहू."

आपण जमिनीचा प्रश्न आधी विचारला आहे आणि अकरावीचा नंतर. हा क्रम बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुलगा अकरावी-बारावी कोठे करतो यावरून तो प्रवेशाच्या वेळी कोणत्या गटात मोडतो हे ठरते आणि त्या गटावरून फी ठरते. ती कळण्याआधी जमीन विकायला काढणे म्हणजे माप न घेताच कापडाला कात्री लावणे होय.

मुलाने अकरावी आणि बारावी ओमानमध्येच केली, तर डासा या केंद्रीय प्रवेश योजनेत आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी ज्या वेगळ्या जागा असतात, त्यांचा मार्ग खुला राहतो. सुरतकलच्या एनआयटीसारख्या संस्था या योजनेत आहेत, प्रवेश जेईई मेनच्या क्रमांकावर होतो आणि या जागांवर शिकवणी शुल्क देशातल्या विद्यार्थ्याइतकेच पडते. याच योजनेतील इतर जागांची फी मात्र डॉलरमध्ये मोजावी लागते. चांगल्या क्लाससाठी म्हणून मुलाला दहावीनंतर भारतात पाठवणारे अनेक पालक ही सवलत नकळत गमावून बसतात.

दुसरा मार्ग बेळगावच्या पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीचा. कर्नाटकाच्या सीईटीसाठी साधारणपणे विद्यार्थ्याचे सात वर्षांचे शिक्षण राज्यात झालेले असावे लागते, आणि आपल्या मुलाचे ते झालेले नाही. परंतु पात्रतेच्या नियमांत आणखी एक कलम आहे: विद्यार्थ्याने अकरावी-बारावी कर्नाटकात केली असेल आणि आई किंवा वडील यांपैकी एकाने किमान सात वर्षे कर्नाटकात शिक्षण घेतले असेल, तरीही तो पात्र ठरतो. आपण स्वतः इथे शिकला आहात. आपली शाळा मराठी माध्यमाची असली तरी ती कर्नाटकातली शाळा आहे, हे लक्षात घ्यावे. सीईटीतून मिळणारी सरकारी कोट्याची जागा आणि त्याच कॉलेजातली कॉमेड-केची, म्हणजे खासगी कॉलेजांच्या संघाच्या परीक्षेतून मिळणारी, जागा यांच्या फीमध्ये अनेक ठिकाणी दुपटीहून अधिक अंतर असते.

या मार्गाने जायचे ठरल्यास आपल्या शाळेचा अभ्यास दाखला येत्या सुट्टीतच काढून ठेवावा. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) प्रतिस्वाक्षरी लागते. माझ्या भाच्याच्या वेळी आम्ही हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलले होते. शाळेतले जुने जनरल रजिस्टर निघाले, पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. नाव सापडले, पण वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळे आणि पासपोर्टवर वेगळे. एवढ्या एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि चार दिवस हातचे गेले. मस्कतहून फोनवर हे सारे निस्तरणे आपल्याला फार जड जाईल.

सीमाभागातल्या ८६५ गावांतील शाळा-कॉलेजांतून शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत स्वतंत्र तरतूद आहे, तिचीही चौकशी करावी; पण परीक्षा कोठून दिली यावर ती अवलंबून असल्यामुळे ही चौकशी दहावीच्या आधीच करावी लागेल. एनआरआय कोट्याबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. खासगी कॉलेजांत १५ टक्क्यांपर्यंत अशा जागा ठेवता येतात आणि त्या सर्वांत महाग असतात. आपण परदेशात राहता म्हणून मुलाने त्याच जागेवर बसले पाहिजे, असा कोणताही नियम नाही. कोणी पावतीशिवाय पैसे मागितले तर तिथून उठून यावे. कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीपेक्षा जास्त मागितल्या जाणाऱ्या रकमेवर, कर्नाटकात १९८४ पासून कायद्याने बंदी आहे.

आता जमीन. परदेशात राहणाऱ्या भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन बाळगता येते आणि भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकताही येते. पण परदेशात असेपर्यंत त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आपण हा तुकडा आज विकला आणि पुढे हातात पैसा आला, तरी तो किंवा त्याच्या शेजारचा बांध आपल्याला परत घेता येणार नाही. नोकरी करारावरची असताना, गावाकडे परतण्याचा दिवस कधीतरी येणार हे ठाऊक असताना, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माझ्या वडिलांनी थोरल्या भावाच्या प्रवेशासाठी वीस गुंठे विकले होते. तिथे पावसाळ्यात बासमतीचा भात लागायचा आणि नंतर मसूर. आज तिथे गोदाम आहे. भाऊ शिकला, चांगला मार्गी लागला, त्याबद्दल घरात कोणाची तक्रार नाही. तरीही आई त्या रस्त्याने जाताना अजून खिडकीबाहेर बघत नाही.

विकायचेच ठरले, तर दोन गोष्टी आधी पाहाव्यात. उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते तपासावे. बहिणीचा हिस्सा कायद्याने आपल्याइतकाच आहे आणि तिच्याशी बोलल्याशिवाय "माझा वाटा" ठरत नाही. दुसरे, जमीन महापालिकेच्या हद्दीपासून किती अंतरावर आहे. खेड्यातल्या शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, पण बेळगावएवढ्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आत असलेली जमीन या सवलतीत बसत नाही. तिथे विकणारा परदेशस्थ असल्यास खरेदीदाराने पैसे देतानाच करकपात करायची असते. चांगला दर बहुधा शहरालगतच्या जमिनीलाच मिळतो, त्यामुळे हातात प्रत्यक्ष किती पडेल हे सीएकडून लेखी घ्यावे.

पैशाची तजवीज आधी पगारातून करावी. मुलाच्या प्रवेशाला अजून तीन वर्षांहून अधिक अवधी आहे. दरमहा ठराविक रक्कम एनआरई (परदेशस्थ भारतीयांच्या) खात्यातील मुदत ठेवीत टाकत गेल्यास तिच्या व्याजावर भारतात आयकर लागत नाही. पहिल्या दोन वर्षांची फी प्रवेशाआधी बाजूला असावी, एवढे उद्दिष्ट पुरेसे आहे. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्जाचा संकोच करू नये. सरकारी बँकांत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही आणि अभ्यासक्रम संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत. शेत गहाण न टाकता मुलगा शिकतो आणि स्वतःच्या शिक्षणाचा थोडा भार स्वतः उचलतो, यात मला काहीच कमीपणा दिसत नाही.

भावाकडे ठेवण्याबद्दल. खर्च वाचेल, यात शंका नाही, पण तो कोणाच्या कष्टांतून वाचेल याचा विचार व्हावा. वहिनींना पहाटे उठून एक डबा जास्त करावा लागेल, क्लासहून रात्री येणाऱ्या मुलासाठी पुन्हा भाकरी टाकावी लागेल, तापात उशाशी बसावे लागेल. भाऊ पैसे घेणार नाही, "घरचंच पोर आहे" म्हणेल. म्हणून रक्कम दरमहा ठरलेल्या तारखेला वहिनींच्याच खात्यात जावी, आणि तसे आपण दोघांसमोर, मुलाला पाठवण्याआधी बोलून ठेवावे. सणाला साडी आणि अत्तर पाठवल्याने ही जबाबदारी फिटत नाही. आपण रक्कम ठरवली नाहीत, तर काही वर्षांनी वाटणीच्या वेळी तोच हिशेब कडू होऊन वर येतो, हे मी आमच्या भागात अनेक घरांत पाहिले आहे.

आपल्या दोन पानी पत्रात मुलीच्या वाट्याला तीन शब्द आले आहेत. ती सातवीत आहे, म्हणजे मुलगा तिसऱ्या वर्षाला असताना तिचे कॉलेज सुरू होईल आणि दोन वर्षे दोघांची फी एकाच वेळी भरावी लागेल. घरातला सर्वांत अवघड काळ तोच असेल, आणि मुलासाठी सगळी शिल्लक व जमीन संपवली, तर त्या वेळी तिच्यासाठी काहीच उरणार नाही. तेव्हा या आठवड्यात एक वही घ्यावी, डाव्या पानावर मुलाची वर्षे आणि उजव्या पानावर मुलीची वर्षे लिहावीत, आणि रकमा भरताना दोघांनाही जवळ बसवावे. तिला काय शिकायचे आहे, हे आपल्या पत्रात नाही. ते आधी तिला विचारावे.