जुन्या डेस्कटॉपचा राऊटर करायचाय? आधी लाईट बिल बघा

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यापासून त्याचा जुना डेस्कटॉप (कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम) धूळ खात पडलाय. भाचा म्हणतो याचा राऊटर होतो. घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे, पण संध्याकाळी सगळे ऑनलाइन आले की व्हिडिओ कॉल अडकतो, शिवाय मागच्या खोलीत वायफायची रेंज येत नाही. करू का? (नाशिक)

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय, होतो. पण रेंजचं दुखणं याने जाणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण वायफाय तुमच्या जुन्याच राऊटरमधून मिळणार, म्हणजे त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याचं काम) बंद करायचं, त्याला वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता द्यायचा, पीसीकडून येणारी केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घराच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावायची (वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टमध्ये नाही!) आणि जमलं तर लांब केबल टाकून तो मागच्या खोलीजवळ न्यायचा.

कॉल अडकण्यावर मात्र हा चांगला उपाय आहे. घरात कुणाचातरी मोबाईल फोटोंचा बॅकअप घ्यायला लागतो, अपलोडची लाईन भरते आणि तुमच्या कॉलची छोटी छोटी पॅकेट (डेटाचे तुकडे) त्या फोटोंच्या मागे रांगेत उभी राहतात, आणि तरी स्पीड टेस्ट केली तर स्पीड एकदम झकास दिसतो. पीसीवर ओपनडब्ल्यूआरटी (राऊटरसाठीची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, त्यात ही रांग सांभाळणारं एसक्यूएम नावाचं पॅकेज येतं, त्यात अपलोड-डाउनलोड दोन्ही खऱ्या स्पीडपेक्षा थोडं कमी भरा, १०० मिळत असतील तर ९० ते ९५. आकडा कमी कशाला? तर रांग इंटरनेट कंपनीच्या फायबर डब्यात न लागता तुमच्या पीसीत लागावी म्हणून, मग कुणाला आधी सोडायचं ते तुमच्या हातात राहतं. एवढ्या कामाला कोअर टू ड्युओ भरपूर झाला.

खर्च म्हणाल तर दुसरं लॅन कार्ड (केबल लावायचं कार्ड) लागेल, एक इंटरनेटच्या बाजूला आणि एक घराच्या बाजूला. सेकंडहँड इंटेलचं मिळालं तर तेच घ्या, यूएसबीवाल्या अडॅप्टरच्या भानगडीत चोवीस तास चालणाऱ्या मशीनसाठी तरी पडू नका. बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं ते लावा, नाहीतर दर वेळी लाईट गेली की कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. आणि हार्डडिस्कवरचे फोटो आधी काढून घ्या, सगळं पुसलं जातं.

आता बिलाचं. असा डेस्कटॉप नुसता बसून ६० वॉट खातो असं धरा, चोवीस तास म्हणजे महिन्याला ४३ युनिट, ८ रुपयांनी साधारण ३४५ रुपये, वर्षाचे चार हजारांच्या वर. तेवढ्यात एसक्यूएम चालेल असा बरा राऊटर नवा येतो. म्हणून शिकायची हौस असेल तर जरूर करा, पैसे वाचवायला करत असाल तर माझं मत ‘करू नका’ असं आहे.

प्रश्न : जुन्या पीसीचा राऊटर करायला त्यावर ओपनसेन्स (ओपनडब्ल्यूआरटीसारखीच एक सिस्टीम) टाकलं, दोन्ही कार्ड दिसतात, वॅनला १९२.१६८.१.५ असा आयपीही आलाय, तरी नेट चालत नाही. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडून ओके. (सोलापूर)

उत्तर : या वेळी कंपनीवाले खरं बोलतायत. कंपनीच्या फायबर डब्याचा पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असणार आणि ओपनसेन्सही लॅनला डीफॉल्ट तोच पत्ता घेतं. दोन्हीकडे एकच नेटवर्क, मग पॅकेट कुठल्या बाजूला पाठवायचं ते पीसीला कळत नाही. पीसीच्या स्क्रीनवरच्या मेनूत २ नंबर दाबा, लॅनला १९२.१६८.१०.१ द्या, डीएचसीपीची रेंज (वाटायचे पत्ते कुठून कुठपर्यंत) विचारेल तीही १९२.१६८.१० ने सुरू होणारीच भरा, मग लॅपटॉपची केबल काढून परत लावा. चालेल.

पुढे कधीतरी कंपनीला फोन करून डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे डबा राऊटरचं काम सोडून लाईन सरळ पीसीला देईल, त्याआधी पीपीपीओईचं (कंपनीच्या लाईनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (कंपनी लाईनला देते तो नंबर) लिहून घ्या, नाहीतर डबा ब्रिजला गेला आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही अशी गंमत होते. केबलवाल्याकडचं कनेक्शन असेल तर नव्या कार्डचा मॅक अ‍ॅड्रेसही (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) त्यांना कळवावा लागू शकतो.

प्रश्न : जुन्या पीसीचा राऊटर केला तर यूट्यूबच्या जाहिराती बंद होतील का? (चिपळूण)

उत्तर : नाही. राऊटरवर डीएनएस ब्लॉकलिस्ट (जाहिरातींच्या सर्व्हरची नावं अडवणारी यादी) लावली तर वेबसाईटवरच्या बऱ्याच जाहिराती जातात, पण यूट्यूबची जाहिरात व्हिडिओ ज्या सर्व्हरवरून येतो तिथूनच येते, ती अडवायला गेलात तर व्हिडिओही बंद.