वाचकांचे सवाल: एका टेक्निकलवर बाहेर काढता येते का?

क्रिकेट अन् कबड्डीचे सवाल यावेळी बाजूला ठेवले, कारण बास्केटबॉलच्या पंचांच्या नावानं बोंबा मारणारी पत्रंच जास्त आली. सगळ्यांचा राग घुमूनफिरून एकाच गोष्टीवर, आमच्या गड्याले बाहेर काऊन काढलं. जमली तेवढी पत्रं घेतो. टेक्निकल म्हणजे धक्काबुक्कीचा नाही, तं वागणुकीचा फाऊल.

सवाल (दारव्हा तालुका, बारावीतला विद्यार्थी): सर, मी सकाळी ढोरं सोडायच्या आधी मोबाइलवर एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) पाहत असतो. जोकिचचा एक जुना व्हिडिओ पाहिला, त्याले एकच टेक्निकल बसला होता तरी हाकलून देल्लं. दोन झाल्याशिवाय काढता येत नाही ना? मंग हा अन्याय नाही काय?

दोन टेक्निकल झाले की खेळाडू आपोआप बाहेर, हे बरोबर, पण ती अर्धीच गोष्ट झाली भाऊ. एनबीएत पंचाला वाटलं तं एका टेक्निकलवरही बाहेर काढता येते, तोंडातून निघालं ते फारच वंगाळ असलं की तो अधिकार वापरतात. तुम्ही पाहिली ती मॅच १२ डिसेंबर २०२३ ची, शिकागोतली. जोकिचला वाटलं आपल्याला मारलं, शिट्टी काही वाजली नाही, तो पंचाला काहीतरी बोलला आणि हाफटाइमच्या थोडं आधीच त्याचा खेळ खलास. जोकिच सर्बियाचा, अन् शिकागोत सर्बियाचे लोक भरपूर, त्यातले कितीतरी खास आपल्या गड्याला पाहायला तिकिटं काढून आलेले, ते बिचारे उरलेली मॅच पंचाच्या नावानं हूऽ करत बसले. त्याची टीम नगेट्स तरी जिंकली म्हणा.

आता अन्याय म्हणाल तं, शिट्टी चुकली का हा एक सवाल अन् गड्याला काढणं बरोबर का हा दुसरा, लोकं दोन्हीची खिचडी करतात अन् मग भांडत बसतात. फाऊल खरंच झालेला असू शकते, तरी तुम्ही पंचाची माय काढली तं बाहेर जाणार म्हणजे जाणार. पण माझं मत विचाराल तं इथं पंचानं घाई केली, पहिला टेक्निकल हाच इशारा असतो, तो देऊन अर्धा मिनिट थांबून पाहायला काय जात होतं, जोकिच काही अंगावर धावून गेला नव्हता. गंमत पहा, त्याच रात्री तिकडं फिनिक्समध्ये वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीननं गिरकी घेऊन समोरच्या टीमच्या नुर्किचच्या तोंडावर हाणला, त्यालाही बाहेर काढलं, अन् लीगनं वरून बेमुदत बंदी घातली, १२ मॅचेस घरी बसला. एकानं तोंड चालवलं, एकानं हात चालवला, मॅचपुरती शिक्षा दोघांनाही सारखीच.

सवाल (वणी, कॉलेज टीममधली खेळाडू): इंटरकॉलेजच्या मॅचमध्ये मी बेंचवर मैत्रिणीसोबत हसून राहिली होती तं पंचांनी मला टेक्निकल दिला. हसणं पण फाऊल असते काय? आमचे सर म्हणतात पंचांसमोर हसायचंच नाही.

ताई, तुम्ही फार मोठ्या माणसाच्या पंक्तीत बसल्या. स्पर्सचा टिम डंकन, म्हणजे ज्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही असा गडी, १५ एप्रिल २००७ ला डॅलसविरुद्ध बेंचवर बसून हसला म्हणून जोई क्रॉफर्ड नावाच्या पंचानं त्याला दुसरा टेक्निकल देऊन बाहेर काढलं. डंकनचं म्हणणं होतं की पंचानं आपल्याला, मारामारी करायची काय, असं विचारलं. क्रॉफर्ड काही नवखा नव्हता, तिथल्या सगळ्यात अनुभवी पंचांपैकी एक, पण लीगचा कमिशनर डेव्हिड स्टर्ननं त्याला उरलेल्या सीझनसाठी अन् प्लेऑफसाठीसुद्धा (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) घरी बसवलं. डंकनला पण २५ हजार डॉलर दंड झाला, तो भाग लोकं सांगायचा विसरतात. स्पर्स त्या वर्षी चॅम्पियन झाले अन् क्रॉफर्ड पुढच्या सीझनला परत आला, २०१६ पर्यंत शिट्टी वाजवत होता.

तं नुसतं हसणं फाऊल नाही. पंचाकडं बोट दाखवून, त्याला ऐकू जाईल असं खिदळणं हा फाऊल आहे, अन् तुम्ही यातलं कोणतं केलं ते तुम्हालाच माहीत. पण एक गोष्ट तपासा. आपल्याकडं फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे रुल चालतात, त्यात बेंचवर बसलेल्या कोणाचाही टेक्निकल लागतो तो हेड कोचच्या नावावर, खेळाडूच्या पर्सनल फाऊलमध्ये तो धरत नाहीत. तुमच्या नावापुढं लिहिला असेल तं स्कोअरशीट लिहिणाऱ्या टेबलवाल्यानं चूक केली. असे तीन झाले की कोचच बाहेर जातो, म्हणून तुमचे सर हसू नका म्हणून राहिले, ते स्वतःची खुर्ची वाचवून राहिले.

सवाल (काटोलजवळच्या शाळेतले क्रीडाशिक्षक): तालुका स्पर्धेत स्कोअरशीटवर आमच्या मुलाच्या नावावर चौथ्याऐवजी पाचवा फाऊल लागला, मुलगा बाहेर, आम्ही दोन पॉइंटनं हरलो. नंतर चूक मान्य झाली पण निकाल तोच. मॅच परत खेळवता येत नाही का?

सर, तुमचा सवाल वाचून मला शॅकच आठवला, कारण हुबेहूब असंच त्याच्या बाबतीत झालं, अन् तेही एवढ्या पैशाच्या लीगमध्ये जिथं टेबलवर कॉम्प्युटर घेऊन माणसं बसतात. १९ डिसेंबर २००७, अटलांटा, मियामी हीटची मॅच ओव्हरटाइममध्ये गेलेली, शेवटची ५१.९ सेकंदं बाकी, हीटच्या शॅकला, म्हणजे शॅकिल ओनीलला, सहावा फाऊल झाला म्हणून बाहेर काढलं. एनबीएत सहा लागतात, आपल्याकडं पाच. पण तो त्याचा पाचवाच होता, टेबलवाल्यांनी दुसऱ्याचा एक फाऊल त्याच्या नावावर चढवला होता. अटलांटाचे हॉक्स ११४-१११ जिंकले. हीटनं प्रोटेस्ट, म्हणजे निकालाविरुद्ध तक्रार, टाकला, लीगनं चौकशी केली, प्रोटेस्ट मान्य झाला, हॉक्सला ५० हजार डॉलर दंड बसला अन् आदेश निघाला की ती ५१.९ सेकंदं पुन्हा खेळा. याच्या आधी असा प्रोटेस्ट मान्य झाला होता तो थेट १९८२ च्या एका मॅचवर, म्हणजे एवढ्या वर्षांत एकदा.

मग ८ मार्च २००८ ला दोन्ही टीम अटलांटात होत्याच, रात्रीच्या नेहमीच्या मॅचआधी ती उरलेली सेकंदं खेळून घेतली. कोणालाच एक पॉइंट झाला नाही. ११४-१११ होतं, ११४-१११ च राहिलं. अन् ज्याच्यासाठी एवढी खटपट केली तो शॅक तोवर ट्रेड होऊन फिनिक्सला गेलेला! म्हणजे न्याय मिळाला, पण ज्याला पाहिजे होता तो हजरच नाही.

तुमच्या बाबतीत मात्र मुद्दा सोपा आहे अन् थोडा कडू आहे. फिबाच्या स्कोअरशीटवर खाली कॅप्टनच्या सहीची एक रेघ असते, प्रोटेस्ट करायचा असेल तं मॅच संपल्या संपल्या तिथं सही लागते. तुमच्या कॅप्टननं सही केली का? बहुतेक नाही, कारण पोट्टे तेव्हा रडत असतात किंवा टेबलवाल्याची कॉलर धरायला निघालेले असतात, अन् सर लोकं आयोजकांशी भांडत असतात, त्या रेघेकडं कोणाचंच लक्ष नसते. नंतर लिहिलेला अर्ज कितीही खरा असला तरी त्याला कोणी विचारत नाही. अन् दुसरं, प्रत्येक फाऊल झाला की आपल्या बेंचवरचा एक मुलगा वहीत टिपून ठेवायला लावा, चौथा लागला की टेबलवर जाऊन जुळवून घ्या. स्कोअरशीट लिहिणारं पोरगं सकाळपासून उन्हात सातवी मॅच लिहून राहिलं असते, त्याच्याकडून चूक होणारच.

सवाल (चिमूर, एका खेळाडूचे वडील): आमचा मुलगा हरला की म्हणतो पंच विकत घेतले होते, अमेरिकेत पण सेटिंग असते. खरंच असते का?

एकदा तं पकडली गेली काका. टिम डोनागी नावाचा एनबीएचा पंच जुगारवाल्यांना टिप्स देत होता, स्वतः पंच असलेल्या मॅचवरसुद्धा पैसे लावत होता. २००७ मध्ये एफबीआयच्या चौकशीत सापडला, नोकरी सोडली, गुन्हा कबूल केला, २००८ मध्ये १५ महिन्यांची कैद झाली. त्यानंच नंतर २००२ च्या लेकर्स-किंग्ज प्लेऑफ मालिकेतल्या सहाव्या मॅचबद्दल आरोप केले. त्या मॅचच्या चौथ्या क्वार्टरमध्ये एकट्या लेकर्सला २७ फ्री थ्रो मिळाले होते, लोकं अजूनही त्यावर भांडतात. लीगनं ते आरोप फेटाळले, अन् त्या मॅचमध्ये सेटिंग होती असं सिद्ध काही झालं नाही.

पण म्हणून मुलाच्या प्रत्येक हरलेल्या मॅचमध्ये डोनागी बसला होता असं नाही. आपल्याकडं पंचाला मिळते काय, जाण्यायेण्याचा खर्च अन् दुपारचं जेवण. त्याची नजर चुकते, त्याची जागा चुकते, दहा पोरांच्या घोळक्यात एक कोपर कोणाला लागलं हे दोन माणसांना दिसत नाही, एनबीएत तिघं असून दिसत नाही. मुलाला विचारा, शेवटच्या क्वार्टरमध्ये फ्री थ्रो किती सोडले.

सवाल (अचलपूर): फ्लॅग्रंट वन अन् टू मध्ये फरक काय? अन् काढलेला खेळाडू बेंचवर काऊन बसत नाही?

फ्लॅग्रंट म्हणजे अंगावर केलेला वंगाळ फाऊल. उगाचच मारलं तं वन, उगाचच अन् जास्तीचं मारलं तं टू. टू म्हणजे लगेच बाहेर, एकाच मॅचमध्ये दोन वन झाले तरी बाहेर. याचे पॉइंट पण साचतात, प्लेऑफमध्ये चार झाले की एक मॅच बंदी. २०१६ च्या फायनलमध्ये ग्रीनला मॅच संपल्यावर लीगनं एक फ्लॅग्रंट लावला, चार भरले, पाचव्या मॅचला तो बाहेर अन् ३-१ नं पुढं असलेली वॉरियर्स टीम ४-३ नं हरली. बेंचवर बसू देत नाहीत कारण तो तिथून पुन्हा बोलणार, ड्रेसिंग रूममध्ये जायचं नाही तं बिल्डिंगच्या बाहेर, फिबातही तेच आहे.

सवाल (पुसद): आमच्या मॅचमध्ये शेवटच्या सेकंदाला स्पष्ट फाऊल होता, एका पोट्ट्यानं मोबाइलवर शूटिंग केलं आहे. ते पंचांना दाखवून निकाल बदलता येते का?

नाही. एनबीएकडं २०१४ पासून न्यूजर्सीत रिप्ले सेंटर आहे, २०१९ पासून कोचला चॅलेंज आहे, शेवटच्या दोन मिनिटांत पंच कुठं चुकले याचा रिपोर्ट २०१५ पासून लीग स्वतःच छापते, तरी त्या रिपोर्टवर निकाल बदलत नाही, कापूस विकून झाल्यावर भाव वाढल्यासारखं आहे ते. तुम्ही मोबाइल घेऊन निघालाच असाल तं आधी २८ जानेवारी २०२३ ची बोस्टनची मॅच पहा, आपल्याकडं रविवार सकाळ होती. स्कोअर बरोबरीत, शेवटच्या क्षणी लेकर्सचा लेब्रॉन जेम्स लेअपला (बास्केटजवळून बॉल टाकायला) गेला, बोस्टनच्या टेटमनं हातावर मारलं, शिट्टी नाही. लेब्रॉन तं कोर्टवर गुडघे टेकून बसला. नंतर पंचांच्या संघटनेनंच कबूल केलं की फाऊल सुटला. तेव्हा लेकर्सचा पॅट्रिक बेव्हर्ली कोर्टच्या बाजूच्या फोटोवाल्याचा कॅमेरा उचलून पंचाला फोटो दाखवायला गेला. फोटो खरा होता. पंचानं त्याला टेक्निकल दिला, ओव्हरटाइम सुरू व्हायच्या आधीच बोस्टनला एक फ्री थ्रो मिळाला, तो गेला आत, अन् लेकर्स १२५-१२१ हरले.