रंगीत लाकडांची नाटकं आणि शिसवीचे कागदपत्र : वाचकांची प्रश्नोत्तरे

पर्पलहार्टची दागिन्यांची पेटी केली. सुरुवातीला सुरेख जांभळी होती, वर्षभरात चॉकलेटी झाली. पॉलिश चुकलं का? (नाशिक)

पॉलिश चुकलेलं नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून येणारं हे लाकूड कापल्याबरोबर मळकट तपकिरी दिसतं. हवा आणि उजेड लागला की काही दिवसांत जांभळं होतं, आणि उजेड पडतच राहिला की पुन्हा तपकिरीकडे झुकतं. झाड म्हातारं होताना खोडाच्या गाभ्यात जी द्रव्यं साठवतं त्यांचा हा रंग, आणि उन्हातले अतिनील किरण ती द्रव्यं मोडतात. यूव्हीरोधक फिनिशने हे लांबतं, थांबत नाही.

बदल मात्र वरच्या पातळ थरापुरताच असतो. पॉलिश उतरवून १२०, १८० आणि २४० नंबरचा पेपर मारा, पेटी काही दिवस उजेडात ठेवा, जांभळा परतला की फिनिश करा. नंतर खिडकीपासून लांब ठेवा. अंदमानच्या पडाउकचंही असंच आहे. केशरी-लालाचा तपकिरी होतो. म्हणून माझा आग्रह असतो की वस्तूची रचना नुसत्या रंगावर उभी करू नये. गडद आणि फिकट लाकडाचा मेळ असेल, तर रंग उतरल्यावरही काम देखणं राहतं.

शिसवीच्या टेबलाला जवसाचं तेल दिलं. तीन आठवडे झाले, अजून हाताला चिकटतं. (पुणे)

या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण शिसवीवर काम करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव येतो आणि दोष तेलाला दिला जातो.

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. शिसव आणि तिच्या कुळातल्या लाकडांत (शास्त्रीय नाव डालबर्जिया) ही क्रिया अडवणारी द्रव्यं असतात. वाळवी आणि बुरशीपासून गाभा वाचवतात ती याच जातीची द्रव्यं. शिसवी पलंग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो त्यांच्यामुळे आणि तुमचं तेल वाळत नाही तेही त्यांच्यामुळेच. आणखी थांबून उपयोग नाही, वर आणखी तेल तर मुळीच देऊ नका.

टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने चिकटा पुसून काढा आणि दोन दिवस वाळू द्या. मग मेण काढलेल्या लाखेचे, म्हणजे डीवॅक्स्ड शेलॅकचे, दोन पातळ हात द्या. लाखेचा थर ती द्रव्यं खाली कोंडून ठेवतो, त्यावर हवं ते फिनिश चालतं. साध्या चपडा लाखेत मेण असतं आणि त्यावर पॉलीयुरेथेन (प्लास्टिकसारखं फिनिश) नीट धरत नाही. मला विचाराल तर लाखेवरच थांबा. शिसवीची खोली स्पिरिट पॉलिशमध्ये, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेत, जशी उमटते तशी प्लास्टिकच्या जाड थराखाली उमटत नाही.

तेलफडक्यांचा बोळा करून टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.

सांधा सुटण्यामागेही बऱ्याचदा हीच द्रव्यं असतात. रंधा मारल्यावर तासाभराच्या आत चिकटवा. उशीर झाला तर आधी अॅसिटोनने पुसा. कोकोबोलोसारखं फार तेलकट लाकूड असेल तर इपॉक्सी वापरा.

आणि धूळ! या कुळातल्या लाकडांच्या धुळीने त्वचेची आणि श्वासाची अॅलर्जी होते. एकदा जडली की पुढे थोडी धूळही पुरते. चांगल्या चांगल्या कारागिरांना त्यामुळे शिसव सोडावी लागते. कुठल्याही लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, धरली जाते. एन-९५ मास्क घातल्याशिवाय पॉलिश पेपर हातात घेऊ नका, एवढं कृपा करून ऐका.

मुलगा न्यू जर्सीला असतो. आजोबांचा शिसवी देव्हारा आणि तबला त्याच्याकडे पाठवायचा आहे. अडचण येईल का? (ठाणे)

तबल्याची फारशी चिंता नको. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली डालबर्जिया कुळातली सगळी झाडं २ जानेवारी २०१७ पासून नियंत्रणात आली. ब्राझीलचं रोजवुड तर १९९२ पासूनच सर्वांत कडक यादीत आहे. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली, त्यामुळे तबल्याचं खोड शिसवाचं असलं तरी चालतं.

देव्हाऱ्याचं वजन करा. एका खेपेत १० किलोपर्यंत शिसव असलेल्या तयार वस्तूंना या करारात सूट आहे. शिसवीचा घनमीटर साधारण ८५० किलो भरतो, म्हणजे एक मीटर लांब, ३० सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड फळी झाली की १० किलो संपले. कळस-खांबांचा देव्हारा सहज त्याच्या वर जाईल. तसं असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या साइट्स प्राधिकरणाचा परवाना लागेल. वजन कमी असलं तरी भारताचे निर्यात नियम कस्टम एजंटकडून लेखी घ्या. त्यात कुठे चंदन किंवा रक्तचंदन असेल तर आधीच सांगा, त्यांचे नियम वेगळे आणि कडक आहेत.

फिकट लाकडात पडाउकची नक्षी बसवली. घासताना सगळं गुलाबी झालं. (कोल्हापूर)

पॉलिश पेपरऐवजी स्क्रेपर वापरा, धूळ व्हॅक्यूमने ओढा. लाखेचा पहिला हात फडक्याने चोळू नका, स्प्रेने द्या. पडाउकचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि फडकं तो शेजारी नेऊन ठेवतं.

आबनूस म्हणून घेतलेल्या काळ्या पट्ट्या खऱ्या आहेत का, कसं ओळखावं? (नागपूर)

स्पिरिटचा बोळा घासा. भरपूर काळा रंग सुटला तर शंका घ्या. मग आडवा काप घ्या; रंगवलेल्या लाकडात बऱ्याचदा आत फिकट भाग सापडतो.

पण खऱ्या आबनुसाचा हट्ट कशाला? हिरड्याचा दाट काढा बाभळीच्या किंवा ऐनाच्या तुकड्यावर लावून वाळवा. व्हिनेगरमध्ये स्टील वूल आठवडाभर बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवा कारण आत वायू तयार होतो. ते पाणी गाळून लाकडावर फिरवा. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांचा संयोग होऊन लाकूड डोळ्यांदेखत काळं पडतं. हा काळा वरून माखलेला नसतो, तंतूंमध्ये उतरलेला असतो, आणि मला तो बाजारातल्या कुठल्याही काळ्या डायपेक्षा आवडतो.

परदेशी लाकूड परवडत नाही. वखारीत काय शोधू? (सांगली)

पिवळ्यासाठी हळदू किंवा फणस. फणस पुढे गडद सोनेरी होतो. लालसर सोनेरी हवा तर बिबला. गर्द पट्ट्यांसाठी ऐन. जुन्या चिंचेच्या गाभ्यात जांभळट तपकिरी भाग मिळतो, छोटा पण फार देखणा. तो कठीण असतो, पटाशीला धार लावून बसा. फिकट आणि न वाकणारं हवं असेल तर शिवण. तुकडा निवडताना ओलं फडकं फिरवा. फिनिशखाली रंग साधारण तसाच दिसेल. आणि पावसाळ्यात घेतलेलं लाकूड लगेच कापू नका, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा आणि दिवाळीनंतर हात लावा.