इन्सोम्निया, हिप्नॉटिझम, डॉर्मिटरी: झोपेचे हे शब्द एकाच मुळातले आहेत का?

तुमचा प्रश्न असा आहे की इन्सोम्निया, हिप्नॉटिझम आणि डॉर्मिटरी या तिन्ही शब्दांत झोप आहे, तर ते एकाच मुळातून आले का, असे आणखी शब्द कोणते, आणि खुद्द 'स्लीप' त्यांत बसतो का.

पहिले दोन सख्खे आहेत, डॉर्मिटरी दुसऱ्या घराण्यातली, आणि स्लीपचं मूळ तिसरंच. मी जीवशास्त्र शिकवते. असे शब्द मुलांकडून घोकून घेण्यापेक्षा फोडून दाखवावेत या मताची मी आहे, कारण मराठी मुलांकडे त्यांची किल्ली आधीपासूनच असते. ती किल्ली म्हणजे संस्कृतातला 'स्वप्' हा धातू. अर्थ झोपणे. स्वप्न, सुप्त, सुषुप्ती हे सगळे त्याच्यापासूनच झाले.

लॅटिनमध्ये याच मुळाचे दोन शब्द झाले: सोम्नुस म्हणजे झोप आणि सोपोर म्हणजे गाढ झोप. 'स्वप्'चं 'सोम' कसं झालं, हे बघण्यासारखं आहे. शब्दाच्या सुरुवातीच्या मूळ 'स्वे'चं संस्कृतात 'स्व' होतं, तर लॅटिनमध्ये 'सो'. संस्कृतातली स्वसृ, म्हणजे बहीण, लॅटिनमध्ये सोरोर होते, ती याच नियमाने. शिवाय 'प'ला लागून 'न' आला की त्या 'प'चा 'म' होतो, म्हणून सोप्नुसचं सोम्नुस झालं. सोपोरमध्ये 'प'च्या पुढे स्वर आहे, म्हणून तिथे तो शाबूत राहिला. झोप आणणाऱ्या गोष्टीला इंग्रजीत सोपोरिफिक म्हणतात, तो शब्द या सोपोरचा.

सोम्नुसचा गोतावळा मोठा आहे. इन्सोम्निया म्हणजे झोप नसणं. सोम्नोलन्स म्हणजे गुंगी, पेंग. झोपेत बोलणं म्हणजे सोम्निलोक्वी. झोपेत चालणं म्हणजे सोम्नॅम्ब्युलिझम. त्यातला 'ॲम्ब्युल' चालण्याचा, आणि ॲम्ब्युलन्समध्येही तोच आहे. घोरणाऱ्या माणसाला रात्रभर तारा लावून झोपवतात, त्या तपासणीचं नाव पॉलिसोम्नोग्राफी. अफूचं शास्त्रीय नाव पापावर सोम्निफेरम, आणि आपल्या अश्वगंधाचं विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे झोप घेऊन येणारी. त्यातला 'फेर' हा वाहून आणण्याचा, संस्कृत 'भरति'चा नातलग. म्हणजे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनीयसने 1753 साली दिलेल्या या विशेषणात स्वप् आणि भृ असे आपल्या ओळखीचे दोन धातू शेजारी शेजारी बसलेत. वर्गात हे सांगितलं की ते नाव पुन्हा सांगावं लागत नाही.

आता ग्रीक. शब्दाच्या सुरुवातीच्या आणि पुढे स्वर असलेल्या 'स'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो. सप्तचं हेप्टा, समचं होमो; सापांच्या अभ्यासाला हर्पेटॉलॉजी म्हणतात त्यातही सर्पच आहे. संस्कृत शिकलेल्यांना संप्रसारण आठवत असेल: स्वप्‌मधल्या 'व'चा 'उ' होऊन सुप्त होतं. ग्रीक शब्द नेमका या आखूड रूपावरून आला. सुप्नोस, हुप्नोस, आणि पुढे हिप्नोस. त्यामुळे हिप्नोस हा स्वप्नापेक्षा सुप्तला जवळचा आहे. ग्रीकांच्या झोपेच्या देवाचंही हेच नाव, आणि मृत्यूचा देव थॅनाटोस त्याचा जुळा भाऊ.

हिप्नॉटिझम हा शब्द इंग्रजीत रुळवला जेम्स ब्रेड या स्कॉटिश सर्जनने. 1841 च्या नोव्हेंबरात मँचेस्टरला त्याने लाफोंतेन नावाच्या मेस्मरवाद्याचे, म्हणजे चुंबकी द्रवाने माणसाला भारून टाकता येतं असं मानणाऱ्याचे, प्रयोग पाहिले. अंगातून कसला चुंबकी द्रव वाहतो, हे त्याला पटलं नाही. मग डोळ्यांच्या जरा वर एक चकचकीत वस्तू धरून, तिच्याकडे एकटक बघायला लावून त्याने स्वतः प्रयोग केले आणि 1843 मध्ये पुस्तक लिहिलं. पुढे त्याच्याच लक्षात आलं की ही झोप नव्हेच, तर मन एकाच कल्पनेवर खिळतं. 1847 मध्ये त्याने 'मोनोआयडिइझम' हे नाव सुचवलं, पण तोवर पहिलं नाव लोकांच्या तोंडी बसलं होतं. म्हणून औषधाच्या कागदावर 'हिप्नोटिक' वाचून कुणी दचकू नये. तिथे मूळ अर्थच आहे, झोपेची गोळी.

डॉर्मिटरीचं लॅटिन मूळ दोर्मिरे, झोपणे. त्याचा आपल्याकडचा भाऊबंद 'द्रा' धातू, जो 'नि' लागून निद्रा होतो. डॉर्मंट हा शब्दही याच घराण्यातला. वर्षानुवर्षं व्यवहार न झालेल्या बँक खात्याला आपण डॉर्मंट म्हणतो. उतरत्या छपरातून डोकावणारी डॉर्मर खिडकी मुळात झोपायच्या खोलीची. बियाण्याच्या डॉर्मन्सीला मराठीत सुप्तावस्था म्हणतात, म्हणजे इंग्रजीने द्रा घेतला आणि आपण स्वप्. ही सुप्तावस्था नुसती पुस्तकातली नाही. भुईमुगाच्या उपट्या जातींच्या दाण्यांना ती जवळजवळ नसते. काढणीच्या तोंडावर पाऊस लागून राहिला की शेंगा जमिनीत असतानाच दाण्यांना कोंब फुटतात आणि हातातोंडाशी आलेलं पीक जातं. पसऱ्या जातींचे दाणे काही आठवडे 'झोपतात', म्हणून तेवढ्या पावसात वाचतात.

ग्रीकमध्ये झोपेचं आणखी एक मूळ आहे. कोमा म्हणजे गाढ झोप, आणि त्याच्याच नात्यातला कोइमेतेरिओन म्हणजे झोपायची जागा. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द दफनभूमीसाठी वापरला आणि त्याचं इंग्रजीत सेमेटरी झालं. धूमकेतूच्या डोक्याभोवतीचा कोमा मात्र यातला नाही, तो केसांचा.

अशी फसवी साम्यं बरीच आहेत. श्वास थांबण्याला ॲप्निया म्हणतात, त्यातला 'प्न' हिप्नोसचा नाही, तो श्वासाचा आहे. मॉर्फीनला स्वप्नांच्या देवाचं नाव दिलं खरं, पण मॉर्फिअसचं मूळ 'आकार' या अर्थाचं. नार्कोटिकचं मूळ बधिरपणाचं. बसायचा सोफा अरबी सुफ्फावरून आला, आणि आइसलँडच्या भाषेत झोपण्याला 'सोफा' म्हणतात तो अगदी वेगळा शब्द. तो मात्र अस्सल स्वप्‌चा.

राहिला स्लीप. तो जर्मन 'श्लाफ'च्या घरचा, स्वप्‌शी त्याचं नातं नाही. पण जुन्या इंग्रजीत स्वप्‌चा स्वतःचा शब्द होता: 'स्वेफन', म्हणजे स्वप्न. पुढे त्याचं 'स्वेवन' झालं आणि मग 'ड्रीम'ने त्याची जागा घेतली. स्वीडिश लोक आजही झोपण्याला 'सोवा' म्हणतात. इंग्रजीतला घरचा शब्द मेला, त्यामुळे आज तिच्यात या मुळाचे जेवढे शब्द ऐकू येतात ते लॅटिन आणि ग्रीकमधून उसने आणलेले आहेत.