यादी देव्हाऱ्यात होती

मुलाला डाऊन सिंड्रोम आहे हे कळल्यावर साधारण पहिल्याच महिन्यात पालक मला, त्यांच्या समुपदेशकाला, एक प्रश्न विचारतात. शब्द वेगळे असतात, मथितार्थ एकच. "मॅडम, आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. आमच्याकडं या मुलांसाठी काहीच नाही. पुण्या-मुंबईला राहायला जावं का?" परवा पुन्हा एका वडिलांनी फोनवर हेच विचारलं, आणि मला वैशाली आठवली. (नावं बदलली आहेत. तिला विचारूनच लिहिते आहे.)

निफाड तालुक्यातली ही मंडळी. नवरा-बायको, सासू आणि सात महिन्यांची ओवी. प्रसूतीनंतर दुसऱ्या दिवशी एका डॉक्टरांनी दारात उभ्या उभ्याच सांगून टाकलं होतं, "अशी मुलं फार काही करत नाहीत, मोठ्या सेंटरला दाखवा." कुठल्या सेंटरला, कशासाठी, काही नाही. पुढे कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, रिपोर्ट आला. 47 गुणसूत्रं, एकविसाव्या जोडीत एक जादा. वैशालीने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि बोट त्या 47 वरच ठेवून बसली. सासूबाई मागच्या खुर्चीवर होत्या. मी समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "एक जास्त आहे म्हणता ना? मग अडतंय कुठं?" त्या प्रश्नाला इतक्या वर्षांत मला धड उत्तर सापडलेलं नाही.

संदीप, ओवीचे वडील, आत आलेच नाहीत. मोटारसायकलपाशी उभे होते. शेवटी पाच मिनिटं आले आणि तोच प्रश्न विचारला. द्राक्षाची बाग विकून पुण्याला जावं का?

आणि इथे माझं चुकलं. त्यांना धीर द्यावा म्हणून मी एक छानशी यादी छापून दिली. दोन पानं. मुंबईत शिवडीला 1944 पासून चालू असलेली जय वकील शाळा, 'उम्मीद' बालविकास केंद्र, नवी मुंबईतलं राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेचं केंद्र, पुण्याची कामायनी, नाशिकची प्रबोधिनी विद्यामंदिर. सगळ्या चांगल्या संस्था. शिवाय योजनांची नावं, पोर्टलं, कायद्याची कलमं. यादी दिली की आपण काहीतरी दिलं असं समुपदेशकाला वाटतं, हा आमच्या धंद्यातला जुना आजार.

चार महिने ही माणसं फिरकली नाहीत. मीच फोन केला.

वैशाली आली तेव्हा पर्समधून यादी काढली. चार घड्या, कडांना कुंकू लागलेलं. "देव्हाऱ्यात ठेवली होती मॅडम. हरवायला नको म्हणून." एकही फोन केलेला नव्हता. कारण विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "फोन करून बोलायचं काय, तेच कळंना. पहिलं कुणाला लावायचा ते पण."

तेव्हापासून मी पहिल्या भेटीत यादी देत नाही. एकच दार सांगते, आणि शक्य असेल तर तिथला फोन माझ्यासमोर लावायला लावते.

वैशालीचं पहिलं दार तिच्या घरापासून तीनशे पावलांवर होतं. तिच्या वस्तीवरची अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत मुलं तपासायला येतं. 2013 साली हा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तो आपल्याच पालघरहून. जन्मतःच्या ज्या दोषांसाठी मुलं तपासतात त्या यादीत डाऊन सिंड्रोम नावानिशी आहे. पथकाची चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी 'डीईआयसी'त जायचं, म्हणजे लवकर निदान आणि उपचाराचं जिल्हा केंद्र. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, कान आणि वाचा तपासणारे, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक असे सगळे एका छताखाली असावेत ही त्यामागची कल्पना. खर्च सरकारचा, गरज पडली तर शस्त्रक्रियेचाही.

अंगणवाडीताईंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ओवीला घराबाहेर काढतच नव्हते.

"आमच्याकडं काहीच नाही" असं वाटण्याचं एक कारण मला हळूहळू उमगलं. पालक 'डाऊन सिंड्रोम सेंटर' अशी पाटी शोधतात. ती जवळपास कुठेच नसते. मग काहीच नाही असं वाटतं. पण ओवीला तेव्हा काय हवं होतं? हृदयाची टूडी इको, कारण यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हृदयाचा काही ना काही दोष असतो. थायरॉइडची रक्ततपासणी, जी पुढे दरवर्षी करायची असते. कानांची बेरा चाचणी. डोळे. आणि सैल स्नायूंसाठी फिजिओ. यातली एकही गोष्ट फक्त पुण्यात मिळते असं नाही. पाटी शोधू नका, मुलाला आत्ता काय हवंय ते शोधा, असं मी हल्ली सांगते.

ओवीच्या हृदयात छोटंसं छिद्र निघालं, नुसतं लक्ष ठेवण्यासारखं. थायरॉइड मात्र बराच कमी होता. गोळी सुरू झाली आणि काही आठवड्यांत पोरगी भांड्यांच्या आवाजाकडे वळायला लागली. इतके महिने घरात जे "सिंड्रोममुळे मंद आहे" म्हणून धरलं होतं, त्यातलं थोडं तरी त्या गोळीचं होतं. याच काळात कुणीतरी त्यांना गुणसूत्र 'नॉर्मल' करणारी पावडर विकायला बघत होतं. असलं औषध नसतं. पैसे वाचवा.

निफाडहून नाशिकला दर आठवड्याला एसटीने जाणं छाटणीच्या दिवसांत जमेना. मग फिजिओ मॅडमनी पंधरा दिवसांतून एकदा बोलवायचं ठरवलं आणि बाकीचं घरी शिकवलं. जुन्या गोधडीची वळकटी करायची, ओवीला तिच्यावर छातीवर पालथं ठेवायचं, समोर सासूबाईंनी बसायचं आणि तांदूळ निवडायचे. ताटातल्या तांदळाच्या आवाजाला ओवी मान उचलायची. पहिल्या दिवशी तीन सेकंद. सासूबाईंनी मला फोन करून आकडा सांगितला होता, "तीन. मी मोजले." पंधराव्या दिवशी वीस.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. त्याला संदीपचा विरोध होता. "एकदा शिक्का बसला की बसला." मी फारसं समजावत बसले नाही, कारण ही भीती खोटी नाही. लोक कागदावरून माणूस ठरवतात हे मी पाहिलं आहे. फक्त एवढं सांगितलं की वर्ष पूर्ण झाल्यावरच ते मिळतं, पाच वर्षांच्या आत दिलेलं तात्पुरतं असतं, आणि ओवी कागदामुळे बदलणार नाही, खर्च बदलेल. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी रुग्णालयात तपासणी, मग यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. त्याच्या आधारावर राष्ट्रीय न्यासाचा 'निरामय' विमा. वर्षाला 1 लाखापर्यंत, आधीपासूनचा आजार म्हणून नाकारत नाहीत, थेरपीचा खर्चही त्यात येतो. संदीपने सहा महिने घेतले. नंतर एक दिवस स्वतःच सायबर कॅफेत जाऊन फॉर्म भरून आला. का, ते मी विचारलं नाही.

पण या कुटुंबाला खरा आधार कोणत्या खिडकीवर मिळाला, म्हणाल तर कुठल्याच नाही. डीईआयसीच्या बाकावर भेटला. लासलगावच्या बाजूची एक बाई, तिचा नऊ वर्षांचा मुलगा, त्यालाही डाऊन सिंड्रोम. दोघींची संमती घेऊन आम्ही त्यांच्या घरी भेट ठरवली. मुलाने दार उघडलं, पाणी आणलं, अर्धं सतरंजीवर सांडलं, उरलेलं वैशालीच्या हातात दिलं. मला वाटलं आता ही शाळेबद्दल, बोलण्याबद्दल विचारेल. तिने विचारलं, "ह्याला भरवतं कोण?"

"भरवतं कसलं," ती आई म्हणाली. "स्वतः जेवतो. फक्त खिचडीतली एकेक मोहरी निवडून ताटाच्या कडेला लावतो. अर्धा तास जातो."

वैशाली हसली. माझ्यासमोर पहिल्यांदाच. परतताना गाडीत तीनदा म्हणाली, "मोहऱ्या निवडतो."

म्हणून कुठल्याही केंद्रात गेलात की तिथल्या माणसाला एक प्रश्न जरूर विचारा: असं मूल असलेलं आणखी कोणतं कुटुंब आमच्या बाजूला आहे का, आमचा नंबर त्यांना द्याल का? नंबर आपला द्यायचा, त्यांचा मागायचा नाही. त्यांना वाटलं तर ते फोन करतात. बहुतेक करतातच. त्या यादीतली नाशिकची प्रबोधिनी 1977 साली रजनीताई लिमये यांनी उभी केली, तीही घरातल्याच अनुभवातून. आपल्याकडच्या कितीतरी संस्थांचं मूळ असंच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे.

बाग विकली नाही. ओवी आता पावणेतीन वर्षांची आहे, भिंत धरून चालते, "आजी"ला "दी" म्हणते. पुढचा महिना अंगणवाडीचा. जुन्या ताईंची बदली झाली, नव्या म्हणतात, "मला एकटीला जमणार नाही, तिला स्पेशल शाळेत घाला." त्यांचं सगळंच चुकीचं नाही, वीस-पंचवीस पोरं आणि त्या एकट्या. पण दिव्यांग बालकांना अंगणवाडीत सामावून घेण्यासाठी केंद्राने 2023 साली मार्गदर्शिका काढली आहे. ती छापून घेऊन येत्या गुरुवारी वैशाली, मी आणि पर्यवेक्षिका भेटणार आहोत. सासूबाई म्हणाल्या, "कागद न्या. पण नाहीच ऐकलं तर सांगा, मी बसते पोरीजवळ रोज. तांदूळ तिथं निवडीन."

काय ठरतं ते गुरुवारी कळेल.