सगळे विरुद्धार्थी शब्द एकाच प्रकारे विरुद्ध असतात का?
नाही. फरक ओळखायचा तर दोन्ही शब्द एकदम नाकारून पाहा. 'पाणी गरम नाही, गारही नाही' असं आपण सहज म्हणतो, कारण मध्ये कोमट आहे. पण 'तो जिवंत नाही, मेलेलाही नाही' म्हटलं की वाक्य अडतं. तिथे मधली जागाच नाही. म्हणूनच 'थोडं गरम' चालतं, 'थोडा मेलेला' चालत नाही.

मामा-भाचा, सासू-सून ही तर एकाच नात्याची दोन टोकं. एकाशिवाय दुसरं नाहीच.

मला खरी काळजी वाटते ती 'अ' या उपसर्गाची. तो लावला की अर्थ उलटा होतो, असं मुलांना सरसकट शिकवू नये. शक्य-अशक्य, ज्ञान-अज्ञान ठीक आहे. पण 'अमूल्य' म्हणजे कवडीमोलाचं नव्हे. मोलच करता येणार नाही इतकं मौल्यवान!

आणि जोडी पाठ करताना शब्द कुठे वापरलाय तेही बघा. 'कोवळा' याचं उलट काय? पान असेल तर जून, ऊन असेल तर कडक.